गंजलेल्या स्पिटफायरचा भाव ठरवताना: प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर २०२५

गाडी: ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३, १९६८ सालची, दोन सीटची, उघड्या टपाची. मालक: माझे दिवंगत काका. मुक्काम: प्रभात रोडच्या एका गल्लीतल्या बंगल्यामागची पत्र्याची शेड. बंगला पुनर्विकासाला गेलाय आणि जानेवारीअखेर शेड मोकळी करून द्यायचीये. त्याआधी गाडी विकायची, हे काम माझ्याकडे आलंय.

काकूंची अट एकच. "योग्य भाव आला पाहिजे. मला कुणाला फसवायचं नाही, आणि फसायचंही नाही."

सध्या हवेत दोन आकडे आहेत. टोरांटोतला चुलतभाऊ म्हणतो १२ लाख, कारण नेटवर त्याने एक लालभडक गाडी पाहिलीये. शेजारचे आजोबा म्हणतात भंगारवाल्याला फोन करा. या दोन आकड्यांच्या मध्ये खरा आकडा कुठे आहे ते शोधायचंय. अशी गाडी घरात पडून असलेले पुण्यात बरेच जण असतील, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय.

९ नोव्हेंबर

गाडी शेडबाहेर काढली. चारही टायर रिमवर बसलेले, मागचे ड्रम जाम. ड्रमवर लाकडी हातोड्याने ठोकून, गंज सोडवणारं तेल मारून दुपारपर्यंत चाकं फिरली. सीटमध्ये उंदरांचं घरटं होतं, आणि डॅशबोर्डामागच्या वायरिंगचा उरलेला भाग म्हणजे तांब्याच्या तारा.

प्रेशर वॉशरवाल्याला बोलावलं होतं, तो आल्यावर परत पाठवला, २०० रुपये येण्याजाण्याचे दिले. कुजलेल्या पत्र्यावर जोराचं पाणी मारलं की पापुद्रे उडतात, आणि भोक जुनं की आजचं हे कळत नाही. शिवाय बंद पोकळ्यांत पाणी साचतं ते वेगळंच. ब्रश, कोरडं फडकं आणि व्हॅक्यूम क्लीनर एवढ्यावर भागवलं.

१५ नोव्हेंबर

आजचा दिवस फक्त गंजासाठी. भाव ठरवायचा तर हे काम सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सविस्तर लिहितो.

हत्यारं साधी: फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, एक बोथट टोच्या, टॉर्च, दोन जॅक, खडू. धनकवडीचे एक जुने डेंटर आहेत, त्यांना अर्ध्या दिवसाचे पैसे देऊन सोबत घेतलं. आपल्याला गंज दिसतो, डेंटरला त्यामागचं काम दिसतं.

स्पिटफायरबद्दल एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. तिला वेगळी चेसी आहे, त्यामुळे "चेसी ठणठणीत आहे ना, मग पत्र्याचं काय एवढं" असं कुणीही म्हणेल. ही गाडी हेरल्डच्या, म्हणजे ट्रायम्फच्याच एका मोटारीच्या, कुळातली. पण हेरल्डच्या चेसीला बाजूने लोखंडी बाहू आहेत, ते स्पिटफायरला दिलेले नाहीत. दाराखालच्या पेटीसारख्या सिल इथे भार उचलतात, आणि मागच्या चाकाला जागेवर धरणारा रेडियस आर्म थेट बॉडीला, सीटमागच्या पत्र्याला, बोल्ट केलेला असतो. म्हणजे सिल कुजली की गाडी मधून वाकते, आणि सीटमागचा पत्रा कुजला की मागचं चाक आपल्या मर्जीने वळतं.

तपासणी अशी केली. गाडी चाकांवर उभी असताना दाराच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजली. मग जॅक चेसीऐवजी सिलच्या मध्याखाली, लाकडाचा ठोकळा घालून, हलक्या हाताने लावला. डाव्या बाजूला जॅक चढताना दाराची फट बदलेना, आणि ठोकळा मात्र आत रुतायला लागला. डेंटरमामा म्हणाले, "थांबा साहेब, ही पेटी नाही राहिली, पापड राहिलाय." जॅक लगेच खाली घेतला.

सापडलं ते असं:

डावी सिल बाहेरून आतपर्यंत तिन्ही थरांत गेलेली. उजवीचा बाहेरचा थर गेलाय, आतला धरून आहे. दोन्ही फ्लोअरच्या कडा चार बोटं आत सडलेल्या. ड्रायव्हरच्या पायाजवळ चौकोनी पत्रा रिव्हेट करून वर डांबर फासलंय. दाराच्या बिजागरीखालचा खांब डावीकडे तळाशी भुसभुशीत. बॅटरीच्या ट्रेखाली अॅसिडने मोठं भोक. डिकीत स्टेपनीखाली पाणी साचून जाळी झालेली. पुढचं अख्खं उलटणारं बॉनेट वरून सुंदर, पण चाकांवरच्या कमानींना चुंबक चिकटेना. तिथे बोटभर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीये.

चेसी मात्र खरंच बरी निघाली. टोच्या कुठेही आत गेला नाही, मागच्या भागात वरवरचा गंज आहे. इंजिन वर्षानुवर्षं ऑइल गळत होतं, त्या तेलाने पुढची चेसी वाचवली. ब्रिटिश गाड्यांचा हा गुण कुठल्या ब्रोशरमध्ये छापलेला नसतो.

एवढा गंज पुण्यातल्या शेडमध्ये आला कुठून? काकांनी गाडी मुंबईत घेतली, आणि दहाएक वर्षं ती माहीमला समुद्राच्या तोंडावर उघड्यावर उभी होती. खारी हवा बंद पोकळ्यांत शिरली ती शिरलीच. पुण्यात आल्यावर गंजाचा वेग कमी झाला, एवढंच. घेणाऱ्याला हा इतिहास सांगायचा, असं आजच ठरवलं.

प्रत्येक जागी खडूने गोल करून फोटो काढले, शेजारी पट्टी ठेवून. डेंटरमामांची मजुरी १,५०० रुपये.

१६ नोव्हेंबर

इंजिन. मार्क ३ ला मुळात १२९६ सीसीचं इंजिन आणि दोन एसयू कार्बोरेटर. बॉनेट उलटलं तर समोर सोलेक्स कंपनीचा एकच कार्बोरेटर. कार्बोरेटर बदललाय की अख्खं इंजिनच, हा प्रश्न लाखभर रुपयांचा आहे.

स्पार्क प्लगच्या भोकातून तार घालून पिस्टनचा प्रवास मोजला. ७६ मिलिमीटर. खूश झालो, कारण १२९६ चा स्ट्रोक, म्हणजे हाच प्रवास, तेवढाच. संध्याकाळी जुनं मॅन्युअल काढलं तेव्हा कळलं की ९४८ सीसीच्या हेरल्डचाही स्ट्रोक ७६ आणि ११४७ चाही ७६. या तिन्ही इंजिनांत फरक आहे तो बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा, ६३ ते ७३.७ मिलिमीटर. म्हणजे दुपार फुकट. बोअर मोजायला हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवावं लागेल आणि ते करायचं नाही. विक्रीआधी उघडलेलं इंजिन पाहिलं की घेणारा म्हणतो, काहीतरी बिघडलं म्हणूनच उघडलं असणार.

मग ब्लॉकवरचा नंबर तारेच्या ब्रशने साफ केला. स्पिटफायर मार्क ३ चे नंबर एफडी अक्षरांनी सुरू होतात. बल्कहेडजवळच्या, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्याजवळच्या, प्लेटवर एफडी आहे, ब्लॉकवर नाही. मिस्त्रींनी हेडकडे बोट दाखवून विषय संपवला: १२९६ च्या हेडला इनटेक आणि एक्झॉस्ट मिळून आठ वेगळी पोर्ट, म्हणजे आत-बाहेर जायची तोंडं, असतात, याला सहाच.

म्हणजे मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने इथे बनवलेल्या हेरल्डचं ९४८ सीसीचं इंजिन यात बसवलंय. त्या काळी हा व्यवहारी तोडगा होता. स्पिटफायरचा भाग मिळायचा नाही, हेरल्डचा नाक्यावर मिळायचा, आणि एकाच घराण्यातलं इंजिन असल्याने ते बसायचंही.

प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं, थोड्या वेळाने पाना लावून हाताने फिरवलं. फिरलं. कॉम्प्रेशन: ११०, १०५, ४०, १०८ पीएसआय. तिसऱ्याचा व्हॉल्व जळालेला असावा. पुढच्या पुलीला पहारीने हलकेच मागेपुढे ढकलून थ्रस्ट वॉशर पाहिले, डोळ्याला दिसेल एवढी हालचाल नाही. या इंजिनांत हे वॉशर झिजून खाली पडले की क्रँक ब्लॉकला खात बसते, त्यामुळे जाणकार गिऱ्हाईक पहिलं हेच तपासतं. पुढच्या चाकांच्या खालच्या वळत्या सांध्यात, ट्रनियनमध्ये, ग्रीस भरलेलं सापडलं. तिथे ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं. ग्रीसने आतला धागा कोरडा पडून झिजतो आणि शेवटी चाक मोडून आडवं होतं. दोन्ही ट्रनियन बदलायचे म्हणून यादीत टाकले.

मिस्त्रींचे २,००० रुपये.

१९ नोव्हेंबर

काकूंच्या माळ्यावर लोखंडी ट्रंक होती. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन एसयू कार्बोरेटर, त्यांचा मॅनिफोल्ड आणि आठ पोर्टचं मूळ हेड! ब्लॉक नाही. काकूंना आठवतंय की तो "त्या गॅरेजवाल्याकडेच राहिला". ते गॅरेज आता मोबाइलचं दुकान आहे.

आज बुधवार, म्हणून तिथून जुन्या बाजारात गेलो. विकायला काही नेलं नव्हतं, भाव विचारायला गेलो. हेरल्डचा गिअरबॉक्स, जुने मीटर, कार्बोरेटर असं काही आलंच तर कितीला जातं, हे दोन-तीन जुन्या विक्रेत्यांकडून काढलं. पुढे नाना पेठेत एका सुट्या भागांच्या दुकानात तेच प्रश्न विचारले. आकडे वहीत उतरवले, खाली वापरलेत.

२४ नोव्हेंबर

कागद. पत्र्याइतकाच वेळ इथे द्या, जमल्यास जास्त.

आरसी बुक जुनं, कापडी बांधणीचं, नंबर एमएच-१२ च्या आधीचा. पहिला मालक परदेशी वकिलातीतला, मग स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावातून एक मुंबईकर, मग काका. आणि १९८६ सालचा एक शिक्का: इंजिन बदल मंजूर, नव्या इंजिनाचा नंबर हाताने लिहिलेला. ब्लॉकवरचा नंबर त्याच्याशी अक्षर न अक्षर जुळला. काका गेले तरी त्यांची शिस्त कामाला आली.

संगम पुलाजवळच्या आरटीओत आणि एका एजंटकडे बसून जे समजलं ते असं.

नोंद संगणकावर नाही, आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवणं, करून घ्यावी लागेल. मालक हयात नसल्याने फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची, त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि दुसऱ्या वारसाचं, म्हणजे चुलतभावाचं, संमतीचं प्रतिज्ञापत्र. नोंदणीची मुदत कधीच संपलीये. नूतनीकरण फॉर्म २५ ने, आणि त्यासाठी गाडी चालती करून तपासणीला न्यावी लागते. शेडमधल्या गाडीचं नूतनीकरण होत नाही.

आणि फी. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाची फी वाढलीये: साध्या मोटारीला १०,००० रुपये, आयात केलेल्या चारचाकीला ८०,०००. शिवाय पर्यावरण कर. आपली गाडी आयात केलेली आहे.

दुसरा रस्ता व्हिंटेज नोंदणीचा. २०२१ साली केंद्राने नियम आणले: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली गाडी, पहिली फी २०,०००, दहा वर्षं मुदत, नंतर पुनर्नोंदणी ५,०००, आणि आधीपासून नंबर असलेल्या गाडीला तो नंबर ठेवता येतो. गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसी, बॉडी किंवा इंजिनात बदल नको. आपल्याकडे इंजिन बदलल्याचा सरकारी शिक्काच आहे. जो कागद एका दारात आपली बाजू घेतो, तोच दुसऱ्या दारात आडवा येतो.

म्हणून हिशेबात महागडा रस्ता धरायचा. घेणाऱ्याने पुढे १२९६ चं इंजिन शोधून बसवलं आणि व्हिंटेजसाठी प्रयत्न केला, तर तो त्याचा फायदा. त्याचे पैसे आपण आज मागायचे नाहीत.

२९ नोव्हेंबर

चुलतभावाचा आग्रह: "आधी साडेचारला टाकून तर बघ, कमी काय कधीही करता येईल." टाकली. ४,५०,००० रुपये, चार फोटो, "थोडं काम आहे" एवढंच वर्णन.

१३ डिसेंबर

जाहिरात उतरवली. आलेले फोन: अॅव्हरेज किती, लास्ट किती, एक्सचेंजमध्ये बुलेट चालेल का, प्रीवेडिंग शूटला दिवसाच्या भाड्याने मिळेल का. शेवटच्या गिऱ्हाइकाला गंज चालणार होता, उलट हवाच होता.

बघायला आले ते दोघेही जाणकार, आणि दोघांनीही डावी सिल पाहिल्यावर पुढचं काही पाहिलं नाही. एक जण जाताना म्हणाले, "साहेब, थोडं काम म्हणजे किती ते लिहा ना. तळेगावहून आलोय." एका दलालाने ६०,००० रोख देऊ केले, आजच्या आज उचलतो म्हणाला.

"कमी काय कधीही करता येईल" हे घराच्या बाबतीत खरं असेल. पुण्या-मुंबईत अशी गाडी घेऊ शकणारी माणसं थोडी, आणि ती एकमेकांना ओळखतात. चढा भाव लावून वर दोष झाकले की गाडीचं नाव खराब होतं, आणि मग भाव उतरवला तरी लोक विचारतात की अजून काय लपवलंय. पंधरवडा वाया गेला तो गेला, पण गाडीची ओळख बिघडली याचा त्रास जास्त झाला.

१४ डिसेंबर

एका पेंटरने सल्ला दिला: लांबी भरून एक हात मारून देतो, ३५,००० मध्ये गाडी आरशासारखी, दोन लाख सहज वाढतील. नको म्हटलं. काकूंची अट बाजूला ठेवली तरी हिशेबातही हे बसत नाही. गंजलेल्या गाडीवर ताजा रंग दिसला की जाणकार समजून जातो, आणि आत काय असेल याचा सगळ्यात वाईट अंदाज धरून भाव करतो. उघडा गंज मोजता येतो, म्हणून त्याची किंमतही करता येते.

२० डिसेंबर

आज आकडेमोड. दोन बाजूंनी गेलो: वरून आणि खालून.

वरून म्हणजे, पूर्ण नीट केलेली गाडी कितीला जाईल यातून तिथवर पोचायचा खर्च वजा करायचा. वरचा आकडा मिळवणं सगळ्यात अवघड. नेटवर दिसतात ते मागितलेले भाव, मिळालेले नव्हेत. जुन्या ब्रिटिश दोन-सीटर गाड्या खरोखर विकलेल्या ओळखीच्या माणसांना विचारलं, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न केला: शेवटी हातात किती आले? त्यावरून मी धरलं: मूळ इंजिनाची, कागद चोख असलेली स्पिटफायर १५ लाख, हेरल्डच्या इंजिनाची १३ लाख. आपल्याला १३ लागू.

चुलतभावाने इंग्लंडमधले भाव पाठवले होते. ते कुणाच्याच कामाचे नाहीत. तिथे ही हौशी मध्यमवर्गाची परवडणारी जुनी गाडी. १९६२ ते १९८० मध्ये तीन लाखांवर बनल्या, पत्र्याचे नवे भाग आजही मिळतात. इथे जुनी गाडी सहजी आणता येत नाही म्हणून चालत्या गाडीला भाव, आणि भाग बाहेरून मागवावे लागतात म्हणून मोडक्या गाडीला भाव नाही. दोन्हीकडून तिथला आकडा इथे लागू पडत नाही.

खर्च, कोटेशन आणि चौकशीवरून:

पत्राकाम, सिल, फ्लोअर, खांब, डिकी, बॅटरी ट्रे, बॉनेटच्या कमानी: २,४०,०००
रंग: १,२०,०००
इंजिन, गिअरबॉक्स: ९०,०००
ब्रेक, सस्पेन्शन, ट्रनियन, बुश: ७०,०००
वायरिंग, दिवे, मीटर: ४५,०००
टप, सीट, गालिचे, रबर: १,१०,०००
क्रोम, काच, किरकोळ: ६०,०००
टायर: २०,०००
नोंदणी, कर, एजंट: ९५,०००

बेरीज ८,५०,०००. टायरचा आकडा एवढा लहान कारण वॅगन-आरला यायचा तो १४५/८० आर १३ टायर या गाडीला चालतो. सगळ्या यादीत हीच एक सुखाची ओळ.

यात पत्राकामाचं कोटेशन डेंटरमामांनी दोनदा बदललं, दोन्ही वेळा वर. कारण योग्य होतं. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून बॉडी जखडावी लागते, नाहीतर नव्या सिल बसतात पण दारं बसत नाहीत. पहिल्या कोटेशनमध्ये ते धरलं नव्हतं. ज्याच्या कोटेशनमध्ये ही पायरी नाही त्याचा आकडा धरूच नका.

न दिसलेल्यासाठी वर २० टक्के: १,७०,०००. पत्रा कापल्यावर आत काय निघेल हे आधी कुणालाच कळत नाही. एकूण १०,२०,०००. तेरातून वजा जाता उरतात २,८०,०००. घेणाऱ्याचा वेळ यात फुकट धरलाय. ज्याला फायद्यासाठी घ्यायचीये त्याला हा भाव परवडणार नाही, हौशी माणसालाच परवडेल. ते ठीक आहे, अशा गाडीला धंदेवाईक गिऱ्हाईक नसतंच.

आता खालून. सुटे भाग करून विकली तर: एसयू जोडी आणि मॅनिफोल्ड ३५,०००, मूळ हेड २५,०००, बॉनेट ३०,०००, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल ३०,०००, मीटर १२,०००, काच चौकटीसह १५,०००, स्टिअरिंग आणि सीटचे सांगाडे ८,०००, उरलेलं भंगार १५,०००. एकूण १,७०,०००. कागदावर छान, पण हे सगळं विकायला वर्ष जाईल, शेड महिनाभरात जातेय, आणि एकदा गाडी फोडली की आरसी म्हणजे नुसतं स्मरणपत्र. सव्वा लाखाच्या खाली द्यायची नाही, एवढाच याचा उपयोग.

म्हणजे योग्य भाव १,२५,००० ते २,८०,००० च्या आत कुठेतरी. घासाघीस धरून ३,१०,००० मागायचे. साडेचारवरून एकदम इथे येताना कारण सांगावं लागेल, म्हणून जाहिरातीतच सगळं लिहायचं.

चुलतभावाला हा हिशेब पाठवला. तासाभराने उत्तर आलं: "ओके. पण माझा फोटोतला लाल रंग कुठे गेला?"

२७ डिसेंबर

नवी जाहिरात. पहिला फोटो डाव्या सिलचा, पट्टीसकट. मजकुराची सुरुवात अशी: "चालत नाही. डावी सिल पूर्ण गेलेली. इंजिन हेरल्डचं, आरसीवर नोंद आहे. मूळ हेड आणि एसयू कार्बोरेटर सोबत. नोंदणीची मुदत संपलेली, वारसाचं काम सुरू आहे." खाली दोषांची पूर्ण यादी आणि वरचा खर्चाचा तक्ता जसाच्या तसा. किंमत ३,१०,०००.

खर्चाचा तक्ता दाखवावा की नाही यावर मित्रांत मतभेद झाले. म्हणे, गिऱ्हाइकाच्या हातात आपणच काठी देतोय. माझं म्हणणं, काठी त्याच्याकडे असतेच. निदान मोजमाप आपलं असू दे.

४ जानेवारी २०२६

फोन थोडे, पण सरळ. "लास्ट किती" विचारणारे जवळजवळ गायब.

११ जानेवारी

कोल्हापूरचे एक फौंड्रीवाले मुलाला घेऊन आले. त्यांच्याकडे आधीच एक चालती हेरल्ड आहे. सतरंजी अंथरून सरळ गाडीखाली शिरले. थ्रस्ट वॉशर पाहिले, ट्रनियन पाहिले, सिलवर टोच्या मारलाच नाही. "ते तुम्ही लिहिलंयच की."

त्यांच्यासाठी हेरल्डचं इंजिन हा दोष नाही, भागांचा साठा त्यांच्या घरीच आहे. माझ्या तक्त्यातले इंजिन-सस्पेन्शनचे आकडे त्यांना निम्म्यात पडतील. पण पत्राकाम त्यांना माझ्या अंदाजापेक्षा जास्त वाटलं, आणि गाडी कोल्हापूरला न्यायचा खर्च वेगळा. त्यांनी २,२०,००० सांगितले.

काकूंनी चहा दिला आणि विचारलं, "तुम्ही ती रस्त्यावर आणणार, की नुसती ठेवणार?"

"वहिनी, दोन वर्षं लागतील. पण आणणार."

मी २,७५,००० वर आलो. ते विचार करून सांगतो म्हणून गेले.

१८ जानेवारी

२,६०,००० ला ठरलं. दरम्यान मुंबईच्या एकाने न बघता २,९०,००० सांगितले होते, अट एवढीच की कागदांची जबाबदारी आपली, नूतनीकरण करूनच द्यायची. म्हणजे आधी गाडी चालती करायची, मग ८०,००० भरायचे. ते २,९० वरवरचे, आत उणेच.

कोल्हापूरकरांनी ५०,००० विसार दिला. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करारनामा केला. त्यात दोषांची यादी परिशिष्ट म्हणून जोडली, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. ठळक कलमं: गाडी फ्लॅटबेडवरूनच जाईल, नोंदणी होईपर्यंत रस्त्यावर चालवायची नाही, वारसाची नोंद काकूंच्या खर्चाने, नूतनीकरण आणि हस्तांतर घेणाऱ्याच्या खर्चाने. हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या द्यायच्या नाहीत, वेळ आली की समोर बसून भरायचे. एजंट म्हणाला असं कुणी करत नाही. नसेल करत.

२४ जानेवारी

फ्लॅटबेड सकाळी गल्लीत शिरेना, समोर दोन मोटारी उभ्या. मालक शोधण्यात तास गेला. गाडी चढवताना जॅक आणि दोऱ्या फक्त चेसीला, सिलला हात नाही, हे ड्रायव्हरला तीनदा सांगितलं. ट्रंक दिली. उरलेली रक्कम बँकेत आल्यावर गाडी हलली.

७ फेब्रुवारी

कोल्हापूरहून फोन. सीटमागचा पत्रा साफ केल्यावर उजव्या रेडियस आर्मच्या बोल्टाभोवती चीर निघाली. आपल्या यादीत नाही. तिथे जुन्या डांबराचा थर होता, आम्ही टोच्या मारला तो डांबरातच थांबला असणार. त्यांनी पैसे मागितले नाहीत, "तुमच्या नोंदीत घाला" एवढंच म्हणाले.

डेंटरमामांना फोटो दाखवून कामाचा आकडा विचारला: १२ ते १५ हजार. २० टक्क्यांचा राखीव अंदाज अशाच गोष्टींसाठी होता, म्हणजे कराराने आपण काही देणं लागत नव्हतो. काकू म्हणाल्या, अर्धे पाठव. ७,००० पाठवले. ते परत करायला निघाले होते, मग ठेवले.

मिळाले २,५३,०००. आपला खर्च: डेंटर आणि मिस्त्री ३,५००, प्रेशर वॉशरवाला २००, तेल, साफसफाई आणि किरकोळ सामान ४,०००, बॅकलॉग आणि वारस नोंदीसाठी एजंट ६,०००, मुद्रांक आणि नोटरी १,२००. काकूंच्या हातात २,३८,१००.

बाकी काम: चुलतभावाचं प्रतिज्ञापत्र टोरांटोच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित होऊन यायचंय. ते आलं की फॉर्म ३१ दाखल. यादीत नवी ओळ घातली: रेडियस आर्मच्या बोल्टांभोवतीचं डांबर खरवडून मगच टोच्या मारा.